ओढून नेणारे विमान

राखेच्या बुधवारापूर्वीच्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही वस्त्रे उतरवीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक संत्र्याचे बागायतदार वेदीमागच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. माणूस कष्टाळू, मितभाषी. तक्रार घेऊन कधी न येणारा. म्हणूनच त्यांचा चेहरा पाहून आम्ही हातातील काम बाजूस ठेवले.

“फादर, माह्या पोराले जरा समजावून सांगा,” ते म्हणाले.

मुलगा नागपूरला अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. तेथे शिकवण्या करून दोन पैसे मिळवितो आणि मिळविलेले सारे खेळण्यातील विमानावर घालतो, ही तक्रार. सुट्टीत घरी आला की पऱ्हाट्या उपटून मोकळ्या झालेल्या वावरात मित्रासह दिवसभर उभा असतो. यात आम्हांस फारसे नवल वाटले नाही. तरुणांना छंद असावयाचेच. परंतु त्यानंतर गृहस्थ जे बोलले त्याने आमचे कुतूहल जागे झाले. “सोताचं इमान उडवलं असतं तं म्या काही म्हटलं नसतं. हा दुसऱ्याचं इमान वर नेऊन सोडते, अन् आपलं खाली आनते. त्याचं पाहा, वर घारीवानी फिरत राह्यते. याच्या हाती काय आलं?”

समजूत घालण्यापूर्वी प्रकरण डोळ्यांनी पाहावे असे ठरवून आम्ही त्याच दिवशी दुपारपूर्वी त्यांच्या मोटारसायकलीवर मागे बसून वावर गाठले. आंबिया बहाराची फुले उमलली होती व रस्ताभर त्यांचा वास दरवळत होता. बागेच्या पलीकडे काळ्या जमिनीचा एक लांबट पट्टा वखरून, दाबून सपाट केलेला होता. त्याच्या टोकाला दोन तरुण आणि दोन विमाने.

वाचकांपैकी बहुतेकांनी असली विमाने पाहिली नसतील, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. पहिले विमान म्हणजे ग्लायडर. त्याला यंत्र नाही, पंखा नाही. लांब, निमुळते, घारीसारखे पसरलेले पंख. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन मीटर, आणि सर्व मिळून वजन अवघे अडीच किलो. बाल्सा नावाचे दक्षिण अमेरिकेतील एक झाड आहे, त्याचे लाकूड आपल्या पांगाऱ्याहूनही हलके. त्याच्या फळ्या, पातळ प्लायवूड आणि कार्बनच्या नळ्या यांपासून ते घरीच बांधलेले होते. दुसरे विमान त्यामानाने आखूड, जाड अंगाचे, रंगाने भडक पिवळे. त्याच्या नाकावर बॅटरीवर चालणारी मोटर व मोठा पंखा. हे आमच्या बागायतदारांच्या चिरंजीवाचे. दोन्ही विमानांना बिनतारी संदेश घेणारी यंत्रे बसविलेली असतात आणि प्रत्येक चालक आपल्या हातातील पेटीवरच्या दोन लहान दांड्या हलवून आपले विमान चालवितो.

ग्लायडर स्वतः जमिनीवरून उठू शकत नाही. डोंगराच्या कड्यावरून ते फेकता येते, पण कडा सगळीकडे कोठून आणावयाचा? रबराच्या लांब दोराने ते गोफणीसारखे सोडता येते, किंवा जमिनीवर रहाटासारखे यंत्र ठेवून दोर भराभर गुंडाळीत पतंगासारखे चढविता येते. पुण्याजवळ हडपसर येथे १९५० साली सरकारी ग्लायडिंग केंद्र स्थापन झाले. तेथे माणसे बसतात ती खरी ग्लायडरे अशा गुंडाळणाऱ्या यंत्राने, म्हणजे विंचने, वर पाठविण्याची रीत पडली. आणखी एक रीत म्हणजे यंत्राच्या विमानामागे दोर बांधून ग्लायडर ओढीत वर न्यावयाचे व हव्या त्या उंचीवर सोडून द्यावयाचे. ही दोन मुले तेच करीत होती.

ही कल्पना जुनी आहे. १९२७ साली जर्मनीत कासेल येथे गेरहार्ट फीझेलर यांनी आपल्या विमानामागे गोटलोब एस्पेनलाउब यांचे ग्लायडर ओढून नेले. पुढे दुसऱ्या महायुद्धात या खेळाचे भयंकर गंभीर काम झाले, आणि तेही आपल्याच देशातून. ५ मार्च १९४४ च्या रात्री आसामातील लालाघाटच्या धावपट्टीवरून डकोटा विमाने सैनिकांनी भरलेली ग्लायडरे ओढीत ब्रह्मदेशाकडे निघाली. जनरल विंगेट यांच्या ज्या चिंडिट सैन्यासाठी ही मोहीम होती, त्याच्या पहिल्या तुकड्यांचा सराव १९४२ साली आपल्या मध्य प्रदेशातील सागरकडच्या जंगलांत झाला होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. एकेका डकोटामागे दोन-दोन ग्लायडरे जोडलेली. भार अधिक, वाटेत डोंगर उंच. कित्येक दोर वाटेतच तुटले आणि निघालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपासच ग्लायडरे ठरलेल्या जागी पोहोचली. ओढणाऱ्याच्या शक्तीचा हिशेब चुकला म्हणजे काय होते, ते त्या रात्री जगाने पाहिले.

बिनतारी खेळविमानांचा इतिहास याहून सौम्य आहे. १९३७ साली अमेरिकेत रॉस हल व क्लिंटन डिसोटो या दोघांनी रेडिओने चालणारी मोठी ग्लायडरे उडविली. त्याच वर्षी वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी यंत्राचे बिनतारी विमान उडविले. आपल्या देशातही एन.सी.सी.च्या हवाई शाखेतील मुलांना विमानांच्या प्रतिकृती बांधण्याचे शिक्षण मिळते. या मुलाला तो नाद तेथेच लागला, असे त्याने सांगितले. आपल्या नागरी विमान खात्याने खरी ग्लायडरे आखली तेव्हा त्यांना अश्विनी, भरणी, रोहिणी, आर्द्रा अशी नक्षत्रांची नावे दिली होती. नक्षत्रे पाहून पेरणी करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ती नावे परकी वाटू नयेत.

असो. मुलांनी दोर जोडला. दोर वीस मीटरचा, विणलेला नायलॉनचा. त्याचे एक टोक ग्लायडरच्या नाकात, दुसरे पिवळ्या विमानाच्या पाठीवर, पंखांच्या किंचित मागे. शेपटीला का नाही, असे आम्ही विचारले. मुलगा म्हणाला, “फादर, शेपटीला बांधले तर मागच्याच्या ओढीने माझी शेपटी बांधल्यासारखी होते, मला वळताच येणार नाही. भार पोटाजवळ हवा.” त्याचे वडील आतापर्यंत हात मागे बांधून उभे होते. ते हळूच म्हणाले, “जू मानेवरच असते, शेपटीले नसते.”

दोन्ही टोकांना पोलादी तारेची एकेक खीळ असते. चालकाने पेटीवरचे बटण दाबले की खीळ मागे सरते व दोर सुटतो. म्हणजे सोडण्याचा अधिकार दोघांनाही आहे. शिवाय ग्लायडरच्या टोकाशी दोराचा एक विताएवढा भाग मुद्दाम बारीक, कच्चा ठेवलेला असतो. ओढ प्रमाणाबाहेर गेली तर विमानाचे अंग मोडण्याऐवजी तो दोरा तुटावा, हा हेतू.

पिवळे विमान हळू पुढे सरकले, दोर ताठ झाला, “चल!” अशी हाक झाली. पंखा घोंगावला. ग्लायडर हलके म्हणून तेच प्रथम जमीन सोडते, आणि येथेच खरी कसोटी असते. ओढणारे अजून जमिनीवर धावते आहे. मागच्याने त्या वेळी वर चढावयाचे नाही, जमिनीलगत कंबरभर उंचीवर थांबून राहावयाचे. मग दोघेही चढू लागतात. पंख्यामागची हवा ढवळलेली असते, तिच्यात मागचे विमान हेलकावे खाते. म्हणून ते पुढच्यापेक्षा किंचित वर राहते, फार वर नाही. वळणे मोठी व संथ घ्यावी लागतात. ओढणाऱ्याने एकदम वळण घेतले तर दोर सैल पडतो आणि सैल दोर पुन्हा ताणला जातो तो हिसक्यानेच. चालक दोघे अगदी खांद्याला खांदा लावून उभे होते. डोळे वर, पण बोलणे सतत चालू: “थोडा हळू.” “डावीकडे येतोय.” “बरोबर आहे, असाच राहा.”

शंभर-सव्वाशे पावलांवरून पाहणाऱ्याला हे फार सुंदर दिसते. एक पिवळा ठिपका, मागे एक पांढरी रेघ, मधला दोर दिसतही नाही.

“सोड!” ग्लायडर मोकळे झाले. पिवळे विमान मान खाली घालून वेगाने उतरले, आमच्या डोक्यावरून जाताना त्याने लोंबता दोर वावरात टाकला आणि ते जमिनीवर टेकले. त्याचे काम दोन मिनिटांत संपले होते. वर ग्लायडर नि:शब्द फिरत राहिले.

उंची किती, हेही विचारले. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे सरकारी नकाशावर हवाई क्षेत्राचे हिरवा, पिवळा व लाल असे भाग पाडलेले आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, पूर्वपरवानगी लागत नाही. मुले उड्डाणापूर्वी नकाशा पाहतात व ११० मीटरवर सोडतात. ग्लायडर शांत हवेत सेकंदाला सुमारे साठ सेंटिमीटर खाली येते, तेव्हा हिशेबाने तीन मिनिटांत ते जमिनीवर यावयास हवे. त्या दिवशी ते अकरा मिनिटे वर होते. कारण काळी जमीन. उघडी काळी माती उन्हाने लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन खांबासारखी वर चढते. शेजारची संत्र्याची बाग मात्र थंड राहते. ग्लायडरने हवेचा असा खांब शोधावयाचा व त्यात गिरक्या घ्यावयाच्या. घारी दुसरे काय करतात? मुलाचा मित्र तर आधी घारी कोठे फिरताहेत ते पाहूनच दिशा ठरवीत होता. हवा इतकी उचलीत होती की मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून त्याला दोनदा नाक खाली करून बाहेर यावे लागले.

एवढे पाहून आमची खात्री पटली होती आणि वडिलांना काय सांगावयाचे ते आम्ही मनात जुळवीतही होतो. दुसऱ्या उड्डाणाने ते सर्व उधळून लावले.

पहिल्या खेपेस सुटताना हिसका बसून तो बारीक दोरा तुटला होता. दुसरा बांधावयाचा, तर पिशवीत तसला दोरा फारसा उरला नव्हता; मित्राने घाईत हाताशी होता तो जाड दोरा दुहेरी करून बांधला. कोणी काही बोलले नाही. विमाने निघाली. तीस-चाळीस फुटांवर असतील, तोच वाऱ्याची एक झुळूक आली आणि ग्लायडर एकदम वर उसळले. मित्राची नजर आपल्या पंखांवर होती, पुढच्या विमानावर नव्हती. क्षणात ग्लायडर पिवळ्या विमानाच्या पार डोक्यावर गेले, दोर वर ओढला गेला, पिवळ्याची शेपटी उचलली गेली आणि त्याचे नाक जमिनीकडे वळले.

“उलाळ झाली!” आमचे बागायतदार ओरडले.

बैलगाडीशी ज्याचा संबंध आला आहे त्याला हा शब्द समजावून सांगावयास नको. माल मागे जास्त भरला की धुरा वर उचलल्या जातात, जोत्याचा फास बैलांच्या गळ्याला बसतो आणि बिचारी जनावरे ओढायची ती अधांतरी होतात. हवेतही तेच घडले. फरक एवढाच, की गाडीवानाला खाली उतरून धुरेवर बसता येते.

मुलाने बटण दाबले. खीळ सरकली नाही. आधीच्या ओढीने ती किंचित वाकली होती व भाराखाली अडकून बसली. “सोड, सोड!” तो ओरडला. मित्राने सोडले, परंतु एक निमिष उशिरा. ग्लायडर मोकळे होऊन तरंगत गेले व पलीकडे अलगद उतरले. पिवळे विमान नाकावर आपटले.

कोणीच जागचे हलले नाही. मग चौघेही धावलो. पंखा मोडला होता, मोटर मातीत रुतली होती, एक पंख मुळापासून निखळला होता. ग्लायडरला खरचटलेही नव्हते.

बापाने या वेळी मुलाला दोन शब्द सुनावले असते तर ते स्वाभाविक ठरले असते. पण त्यांना संधीच मिळाली नाही, कारण दोघे मित्र एकमेकांशी भांडू लागले, आणि भांडण विचित्र होते. मित्र म्हणे, चूक माझी. मी दोरा दुहेरी बांधला, मी वर चढलो. मुलगा म्हणे, चूक माझी. उड्डाणापूर्वी खीळ तपासावयाची असते, ती मी तपासली नाही. शिवाय तू वर चढताना मला दिसला होतास, तेव्हाच सोडावयास हवे होते. मग का नाही सोडलेस? यावर तो जरा थांबून म्हणाला, “इतक्या खाली सोडले असते तर तुझे विमान बागेत पडले असते.”

पापनिवेदन ऐकणाऱ्या माणसाच्या कानावर बहुधा शेजाऱ्यांची, सासूची व जावेची पापे अधिक पडतात. स्वतःच्या चुकीसाठी असे हमरीतुमरीवर येणारे आम्ही क्वचितच पाहिले आहेत.

तथापि त्या मुलाचे म्हणणे आम्ही तेथेच खोडून काढले, आणि आजही आमचे मत तेच आहे. ओढणारे विमान पडले तर दोन्ही जातात. सुटलेले ग्लायडर फार तर एखाद्या झाडावर अडकते. खऱ्या विमानांत तर ओढणाऱ्या यंत्रात जिवंत माणूस बसलेला असतो, आणि मागचे ग्लायडर असे वर उसळल्यामुळे ओढणाऱ्या वैमानिकांचे प्राण गेल्याची उदाहरणे आहेत. म्हणून त्याला सोडण्याचा हक्क दिलेला असतो, व वेळ आली म्हणजे तो हक्क हे कर्तव्य होते. मित्राला वाईट वाटेल म्हणून खीळ दाबून ठेवणे हे प्रेम खरे, पण आंधळे. मुलाने मान हलविली. पटले की नाही, देव जाणे.

परतताना बागायतदार वाटेत काही बोलले नाहीत. आमच्या दाराशी उतरवून देताना त्यांनी फक्त विचारले, “फादर, ती खीळ कायची होती?”

पुढचे तीन रविवार मुलगा नागपूरहून येत राहिला. ओसरीवर पंख जोडण्याचे काम चाले. एकदा सहज डोकावलो तर वडील पायांत लहानसा ऐरणीचा तुकडा धरून बसलेले. सायकलीचा जुना स्पोक कापून, कानसून, चिंध्या व तेलाने गुळगुळीत करून त्यांनी नवी खीळ तयार केली होती. तिला एका बाजूस वीट टांगून ती दुसऱ्या बाजूने सरकते की नाही ते पाहत होते. वीट दोरासह धपकन खाली पडे, ते पुन्हा टांगीत. “भार असतानी सुटली पाह्यजे,” एवढेच म्हणाले. बारीक दोऱ्याचे एक आख्खे रीळ कोनाड्यात ठेवलेले आम्हांस दिसले. ते कोणी आणले, हे आम्ही विचारले नाही.

मुलाच्या आईने विमानाला आशीर्वाद द्या असा आग्रह धरला. लोरेटोच्या पवित्र मरिया मातेस पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२० साली वैमानिकांची आश्रयदाती घोषित केले, कारण नाझरेथचे पवित्र घर देवदूतांनी आकाशमार्गे वाहून नेले अशी परंपरा आहे. तिचा १० डिसेंबरचा सण २०१९ पासून सर्व ख्रिस्तसभेच्या पंचांगात आला आहे. विमानासाठी आशीर्वादाची प्रार्थनाही रोमन विधिग्रंथात होती. ती अडीच किलोच्या ग्लायडरला व त्याला ओढणाऱ्या खेळण्याला लागू पडते काय, याविषयी विधिग्रंथ मौन बाळगतो. आम्ही त्या मौनाचा फायदा घेतला.

संत जोसेफच्या सणाआधीच्या रविवारी आम्ही पुन्हा त्या वावरात होतो. ऊन आता कडक होते, बांधावरच्या पळसाला फुले आली होती. दोर जोडण्यापूर्वी मुलाने तो हाताने जोरात ओढून धरला आणि बटण दाबले, खीळ सुटली. पुन्हा ओढला, पुन्हा सुटली. बारीक दोरा एकेरीच होता. मित्राने हे सर्व स्वतः पाहिले व मगच आपले विमान मागे नेऊन ठेवले.

ग्लायडरचा एक पंख जमिनीला टेकलेला असतो. निघताना कोणीतरी तो सरळ धरून चार पावले धावावे लागते. आम्ही पुढे होणार, तोच बागायतदारांनी चपला काढून बाजूला ठेवल्या व पंखाचे टोक दोन बोटांत धरले. धरण्याची पद्धत मोठी जपून होती, जणू अंड्यातून नुकतेच निघालेले पाखरू.

“काका, घट्ट नका धरू,” मित्र म्हणाला. “आपोआप सुटू द्या.”

“चल!” पिवळे विमान धावले. बागायतदार धोतर सावरीत सहा-सात पावले धावले आणि पंख त्यांच्या बोटांतून निघून गेला. ग्लायडर कंबरभर उंचीवर थांबले, पुढच्याने जमीन सोडेपर्यंत तसेच थांबले, मग दोन्ही मिळून बागेवरून उजवीकडे वळली. ते तेथेच उभे राहून मान वर करून पाहत होते; कोणते विमान पाहत होते, ते आम्हांस कळले नाही. “सोड” अशी हाक झाली. पिवळे विमान परत येऊन डोक्यावरून गेले, दोर त्यांच्यापासून बराच लांब ढेकळांत पडला.

“राहू द्या बाबा, मी आणतो,” मुलगा म्हणाला.

“तू त्याच्याकडे पाह्य,” असे म्हणून ते अनवाणीच दोर आणावयास चालू लागले.